सेंटर सर्कलपर्यंत आलेली पावलं

पावलं सेंटर सर्कलपर्यंत आली होती आणि तिथंच संपली होती. परत गेलेलं एकही पाऊल नव्हतं.

"साहेब, हा माणूस गेला कुठं?" दाऊदभाईंनी विचारलं. दाऊदभाई आमच्या फुटबॉल क्लबच्या ग्राउंडचे वॉचमन. श्रीवर्धनकडचे, पन्नाशीचे, गेटजवळच्या खोलीत एकटे राहायचे.

मी वाकून बघितलं. अनवाणी पावलं. टाच, पाची बोटं, सगळं स्पष्ट. हिरव्यागार गवतात पिवळी जर्द. गवत दाबलं गेलं असतं तर मी लक्षही दिलं नसतं. पण ते मेलं होतं. पाय पडला तेवढंच मेलं होतं, बोटाच्या आकारापर्यंत. सकाळचं धुकं इतकं होतं की दोन्ही गोलपोस्ट दिसत नव्हते. खोटं कशाला बोलू, अंगावर सरसरून काटा आला.

गोष्ट ऐंशी सालच्या आसपासची. मी त्या ग्राउंडचा हेड ग्राउंडमन. शेतकीचा डिप्लोमा, पुण्याच्या एका जिमखान्यावर सहा वर्षं, आणि मग कतारमधलं दोहा. लोक म्हणतात, वाळवंटात कसलं आलंय गवत! अहो, असतं. उन्हाळ्यात बर्म्युडा, म्हणजे आपली हरळीच, जरा सुधारलेली. पण थंडी पडली की हरळी झोपते, तपकिरी होते. आणि मॅचेस नेमक्या थंडीत. म्हणून नोव्हेंबरात तिच्यावर राय ग्रासचं बी टाकायचं. हे विलायतेकडचं, थंड हवेतलं गवत. दोन-तीन आठवड्यांत गालिचा होतो, पण जावयासारखं सांभाळावं लागतं. बूट घालून कोणी आत शिरलं तर मी आई-बाप काढायचा बाकी ठेवायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी रांग उमटली. पहिली दक्षिणेच्या गेटकडून आली होती. ही उत्तरेच्या गोलमागून निघाली, तसाच पाय, तशीच चाल, आणि पुन्हा सेंटर सर्कलला खलास. पाणी देणारी माणसं ऊन चांगलं वर आल्याशिवाय मैदानात उतरेनात. एकजण तर म्हणाला, ज्याची पावलं आहेत तो अजून मधोमध उभाच आहे, आपल्याला दिसत नाही एवढंच.

आमचे मॅनेजर अबू तारिक. दहा दिवसांवर परदेशी टीमची मॅच, त्यामुळे माणूस आधीच पेटलेला.

"कोणीतरी येऊन केमिकल टाकतंय. वॉचमन झोपा काढतो."

"दाऊदभाई झोपणारे नाहीत, सर."

"मग उडत येतात का?"

मग मी एक शक्कल काढली. संध्याकाळी कुंपणाच्या आतून सगळीकडे चार हात रुंद बारीक वाळू पसरली आणि दाताळ्यानं सारखी केली. कुंपणाबाहेरून कोण येतंय ते वाळूवर कळेलच. सकाळी जाऊन बघतो तर वाळूवर चिमणीचासुद्धा पाय नाही. आणि गवतात तिसरी रांग. पश्चिमेच्या बाजूनं, थेट मध्यापर्यंत.

माझीच अक्कल माझ्या अंगाशी आली. अबू तारिकनी वाळू बघितली आणि शांतपणे म्हणाले, "बाहेरून कोणी आलं नाही. म्हणजे आतलाच. आत कोण राहतं? गुरुवारी एक्झिट."

एक्झिट म्हणजे पासपोर्टवर शिक्का मारून विमानात बसवून देणं. परत यायचं नाव नाही. दाऊदभाईंच्या मागं गावाकडं सात तोंडं होती, कमावणारा हा एकटा.

ते माझ्याशी भांडतील असं वाटलं होतं. ते वेगळंच बोलले.

"साहेब, मी झोपेत चालत असेन का हो? माजी आई चालायची."

आणि त्यांनी पँट वर केली. घोट्याभोवती निळा वळ होता. पहिली रांग दिसल्यापासून ते पाय खाटेला बांधून झोपत होते.

मला इतका राग आला! त्यांचा नाही, त्या पावलांचा. मी त्यांना हाताला धरून मैदानात नेलं. "बूट काढा. ठेवा पाय त्या ठशावर. तुमचा नाही हे आत्ताच्या आत्ता सिद्ध करू."

"नको साहेब."

"अहो, घाबरता काय?"

"बसला तर?"

"काय माणूस आहे! हे बघा, असा ठेवायचा." मी चप्पल काढली आणि माझा पाय ठेवला.

बसला. टाचेला टाच, बोटाला बोट. माझी करंगळी लहानपणापासून जरा बाहेर वळलेली आहे. ठशातलीही बाहेर वळलेली होती. मी पुढचं पाऊल टाकलं, तेही बसलं. मान वर केली तर दाऊदभाई दोन पावलं मागं सरकले होते आणि माझ्याकडं बघत होते.

माझ्या मनात पहिला विचार काय आला, सांगू? अबू तारिक बघत तर नाहीत ना. लाज वाटते, पण आला.

मग तिथंच बसलो आणि दिवस मोजले. दहा-बारा दिवसांपूर्वी कडेच्या पट्ट्यात लव्हाळा माजला होता. तो मारायला मी चार संध्याकाळी चार बाजूंना तणनाशक फवारलं. हे औषध मुळापर्यंत जातं. लगेच काहीच दिसत नाही, थंडीत तर आठ-नऊ दिवस जातात. आणि रोज सकाळी मी दवात अनवाणी चालायचो. डोळ्यांना चांगलं, चष्मा लागत नाही, हे आमच्या घरी लहानपणापासून डोक्यात भरलेलं. नजम्यात, जिथं आम्ही पाचजण एका खोलीत राहायचो, तिथं हिरवी काडी नाही. इथं एवढा गालिचा! चपला हातात घेऊन आदल्या संध्याकाळी फवारलेला पट्टा बघत फिरायचं, तिथून सरळ मध्यभागी जायचं, चपला घालायच्या आणि कामाला लागायचं. दवानं ओलं झालेलं औषध मीच तळपायानं आत वाहून नेत होतो. तेव्हाची माझी पावलं आता उमटत होती.

तीनच रांगा उमटल्या होत्या. चौथ्या बाजूची बाकी होती.

मी अबू तारिकच्या ऑफिसात गेलो. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वॉचमनला वाचवायला गोष्ट रचतोस."

"सर, उद्या पूर्वेकडून येतील. स्कोअरबोर्डच्या खालून."

सकाळी आम्ही तिघं धुक्यात स्कोअरबोर्डखाली उभे होतो. उजाडलं आणि रांग दिसायला लागली. फिकी पिवळी, आमच्या पायांपासून निघून थेट मध्यापर्यंत. कारण मला पक्कं माहीत होतं, तरी मी एक पाऊल मागं सरकलो. चालून झालेली पावलं थांबवायला काही औषध नाही. अबू तारिक रांगेच्या कडेनं मध्यापर्यंत जाऊन परत आले. मग माझ्या पायांकडं बघून म्हणाले, "बूट घालत जा." एवढंच.

एक्झिट रद्द झाली. मला लेखी वॉर्निंग मिळाली, ती मी सही करून घेतली. मेलेलं गवत कापून काढलं, नर्सरीतून हरळीसकट तुकडे आणून बसवले आणि मॅच झाली. टीव्हीवर काही कळलं नाही म्हणे.

नंतर एकदा चहा पिताना मी विचारलं, "दाऊदभाई, मी रोज सकाळी अनवाणी चालायचो ते तुम्ही बघत होतात. मॅनेजरला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. पण तुम्ही साहेब. तुमच्या पायानं गवत मरतं, असं माज्या मनातच येईना. माज्या पायानं मरतं, हे लगेच आलं."

तेव्हापासून फवारणीच्या रजिस्टरमध्ये मी एक जादा कॉलम आखतो. औषध मारल्यावर तिथून कोण कोण चाललं. पहिलं नाव स्वतःचं लिहितो, मग बाकीच्यांना विचारायला जातो.