लोखंडी चिलखतातली तीरंदाज

चाळिशी उलटल्यावर एका मे महिन्यात, भर दुपारी, नोएडातल्या एका सातव्या मजल्यावर मी मरण पावले. एका गुहेत, तीन डोक्यांच्या सरड्याच्या तोंडी सापडून. त्यानंतर लिफ्टने वर आले, हातपाय धुतले आणि पोळ्यांची कणीक भिजवायला घेतली.

हे सगळं घडलं ते आम्ही घर घेतल्यामुळे. तोपर्यंत आमचा संसार दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होता. तिथे दार उघडं ठेवलं की शेजारच्या तमिळ बाईंच्या सांबाराचा वास आणि समोरच्या बंगाली काकांचा खोकला, दोन्ही न विचारता घरात येत. मग बँका अचानक प्रेमळ झाल्या, यमुनेपलीकडे टॉवर उगवू लागले आणि माझा नवरा अनिल एका रविवारी म्हणाला, "किती दिवस सरकारी पंख्याखाली झोपायचं?" आम्ही नवव्या मजल्यावर राहायला आलो. लिफ्ट होती, इंटरकॉम होता, वीज गेली की जनरेटर होता. माणसंही असावीत, कारण सकाळी प्रत्येक दाराबाहेर दुधाच्या पिशव्या दिसत.

सगळ्यांत मोठा फटका बसला तो आमच्या मुक्ताला. आठवीतून नववीत गेलेली पोरगी. क्वार्टरमध्ये असताना तिला जेवायला बोलवायचं तर मला तीन ब्लॉक हिंडावे लागत. इथे ती दिवसभर बाल्कनीत उभी राहून खालच्या गाड्या बघायची. "जा ना खाली खेळायला," म्हटलं की उत्तर यायचं, "किसके साथ?" मराठीत बोलायचासुद्धा उत्साह उरला नव्हता. तिच्या पाठमोऱ्या उभ्या राहण्याकडे बघून माझा जीव तुटायचा. घर आम्ही आमच्या हौशीने घेतलं होतं आणि त्याचा हप्ता ही भरत होती.

अशात लिफ्टमध्ये तिला सातव्या मजल्यावरची सिमरन चड्ढा भेटली. सिमरनच्या वडिलांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि घरातल्या जेवणाच्या टेबलावर चार कॉम्प्युटर वायरींनी एकमेकांना जोडून मांडलेले होते. (ते लोक जेवत कुठे, हे मी कधी विचारलं नाही.) त्यावर चारजणींनी मिळून खेळायचा एक खेळ होता. किल्ले, गुहा, राक्षस, खजिने. सिमरन तलवार घेऊन पुढे लढायची, तिची मावसबहीण जस्सी जखमींना औषध द्यायची, मुक्ता जादूगार झाली आणि चौथी, सिमरनची मोठी बहीण, धनुष्यबाण चालवायची. आठवड्याभरात मुक्ता जेवताना बोलायला लागली. काय बोलायची ते आम्हाला कळत नसे, पण बोलायची. मी त्या खेळाला मनातल्या मनात नमस्कार केला.

आणि मोठ्या बहिणीला इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. ती गेली हॉस्टेलला. शेवटच्या किल्ल्यावर म्हणे उडणारे राक्षस होते, तिथे तलवार पोचत नाही, तीरंदाज हवाच. सी ब्लॉकमध्ये एक तीरंदाज मुलगी होती, पण ती मैत्रिणीशिवाय यायला तयार नव्हती आणि मैत्रीण नेमकी जादूगार. खुर्च्या चारच. मुक्ताने रविवारपर्यंत दुसरा तीरंदाज आणला नाही, तर मुक्ताची खुर्ची जाणार होती.

हे तिने जेवताना सांगितलं, ताटाकडे बघत. अनिल म्हणाला, "अगं, मग दुसरा एखादा खेळ खेळा." मी म्हटलं, "मी येते."

मुक्ताने आधी बाबाकडे पाहिलं, मग कूलरकडे पाहिलं. दोघांपैकी कुणीच काही बोलेना तेव्हा म्हणाली, "ठीक है. चल."

मी मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. दोन दिवसांची रजा टाकली. कारण विचारलं तेव्हा सांगितलं, मुलीचं शिक्षण. तसं ते खोटं नव्हतं, फक्त शिकत मी होते.

घरच्या कॉम्प्युटरवर मुक्ताने मला जन्माला घालायला घेतलं. "आधी जात निवड," ती म्हणाली. मी दचकले. सरकारी नोकरीत हा शब्द आम्ही फार जपून उच्चारतो. "तशी नाही गं. माणूस, बुटका की एल्फ? एल्फ घे. ते जंगलात राहतात, त्यांची नजर तेज असते, धनुष्य चांगलं चालवतात आणि शेकडो वर्षं जगतात."

"शेकडो वर्षं? मग त्यांच्या पेन्शनचं काय?"

"आई, प्लीज."

मग नाव. मी 'सुनंदा अनिल पाटणकर' टाइप करू लागले, पण त्या चौकटीत तेवढी जागा नव्हती, त्यामुळे खेळात मी शेवटपर्यंत 'सुनंदा अनिल पाट' राहिले. त्यानंतर आला गुणवाटपाचा तक्ता. ताकद, चपळाई, तब्येत, बुद्धी, शहाणपण आणि छाप. हातात मोजकेच गुण, ते यांच्यात वाटायचे.

"सगळे चपळाईत टाक," मुक्ता म्हणाली. "थोडे तब्येतीला. बाकी कुठे नको."

"आणि बुद्धी?"

"बुद्धीचं तू काय करणार?" तिने अगदी निरागसपणे विचारलं.

तेवढ्यात इंटरकॉम वाजला आणि ती उठली. मी तक्त्याकडे बघत राहिले. वीस वर्षं मी ऑफिसात निधीवाटप केलं होतं. त्या अनुभवाने मला एकच शिकवलं होतं की सगळ्यांना सारखं द्यावं, म्हणजे कुणाचा तक्रारअर्ज येत नाही. शिवाय कुठल्याच विषयात नापास होऊ नये, हे मी मुक्तालाच जन्मभर सांगत आलेली. मी सहाही खात्यांना समसमान वाटप केलं, उरलेला एक गुण छापेला दिला (चार लोकांत जायचं म्हटल्यावर नीटनेटकं दिसायला नको?) आणि ओके दाबलं.

मुक्ता आली. तिने स्क्रीन पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"बदलता येईल ना?" मी विचारलं.

"नहीं," ती म्हणाली.

मग बाजारहाट. तीरंदाजाने हलकं चामड्याचं चिलखत घ्यावं, म्हणजे पळता येतं, असं मुक्ताने बजावलं होतं. पण मला दुकानात लोखंडी चिलखत दिसलं. भरभक्कम, गळ्यापर्यंत बंद. दिल्लीच्या थंडीत मूल वाढवलेली बाई अंगभर कपडा सोडून पातळसं काही घेईल? मी लोखंडी घेतलं. मग मुक्ताने मला फ्लॉपीत भरून सातव्या मजल्यावर नेलं. तिथे सिमरनने मला तिच्या बहिणीचे जळते बाण दिले. लाल टोकांचे, अप्रतिम. मी ते भात्याच्या तळाशी नीट ठेवून दिले आणि वापरायला साधे काढले.

गुहेत शिरलो. पहिल्या लढाईत माझे बहुतेक बाण भिंतींना लागले, पण आम्ही जिंकलो. मुली पुढे धावल्या. मी मागे राहिले, कारण जमिनीवर बाण पडले होते आणि ते उचलता येत होते! धडधडीत चांगले बाण असे टाकून कसे जायचे? मी एकेक वेचत होते. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणाऱ्या घरातली मी.

"आंटी, कहाँ हो आप?" पुढून सिमरन विचारत होती.

"आ रही हूँ बेटा. दो तीर कोने में हैं."

"आंटी, वो गिरगिट आ गया है."

मी धावले. म्हणजे लोखंड अंगावर घेऊन जेवढं धावता येतं तेवढं धावले. पोचले तेव्हा तीन डोक्यांचा सरडा सिमरनशी झुंजत होता आणि त्याचं एक डोकं मुक्ताकडे वळलं होतं. मुक्ताच्या अंगावर नुसता झगा! मी काही विचार केला नाही. धनुष्य हातात तसंच ठेवून थेट तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. सरड्याने मला लोखंडासकट खाल्लं.

जस्सीने आपल्याजवळची संजीवनीची एकुलती एक बाटली माझ्यावर ओतली. ती त्यांनी किल्ल्यासाठी राखून ठेवलेली होती. मी उठून उभी राहिले. "कोई बात नहीं, आंटी," जस्सी म्हणाली. अतिशय संस्कारी मुलगी. सिमरनने मात्र मुक्ताकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला समजला. मी हिची खुर्ची वाचवायला आले होते आणि माझ्याच हाताने घालवत होते.

आम्ही वर घरी आलो. मी कणीक भिजवत असताना ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, तू माझ्यापुढे का आलीस?"

"तो तुला चावत होता."

"चावू दे ना. सिमरन होती, जस्सी होती. तू तीरंदाज आहेस, यार. तू मागेच राहायचं. मागून तुला सगळं दिसतं. तू पुढे आलीस की आमच्या मागे कुणी राहातच नाही."

"हिला मागे राहायला सांगतेस?" बाहेरून अनिल म्हणाला. "सतरा वर्षांत मला जमलं नाही."

मुक्ता हसली. मग माझ्या शेजारी बसून तिने कणकेच्या गोळ्यांचा किल्ला मांडला आणि कोणी कुठे उभं राहायचं ते मला दाखवलं. इतक्या शांतपणे मी तिला कधी गणित शिकवलं नव्हतं. बाणासमोर मैत्रीण आली तर थांबायचं. एक बाण सोडला की दोन पावलं मागे. ती समजावत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते. नव्या घरात आल्यापासून ती माझ्याशी सलग एवढं बोलली नव्हती. त्या सरड्याचे मला आजही आभार मानावेसे वाटतात.

रविवारी मी लोखंड विकून चामडं घातलं आणि किल्ल्यावर गेले. मागे उभी राहिले. तीन मुली पुढे आणि मी मागे! बसल्या जागी माझे पाय टेबलाखाली पुढे सरकत होते. आकाशातून राक्षस आले. मी नेम धरला, बाण सोडला आणि तो सिमरनच्या पाठीत घुसला.

"आंटी!"

सिमरन मागे बघायला वळली, तेवढ्यात दोन राक्षसांनी तिला उचललं. जस्सी तिला वाचवायला गेली आणि तीही पडली. संजीवनी नव्हतीच, ती माझ्यावर खर्च झालेली. मेल्यावर जुन्या ठिकाणाहून पुन्हा सुरू करायचं नाही, ती चीटिंग, असा या मुलींचा कडक नियम होता. आता सगळं संपलं, असं मी मनाशी म्हटलं, आणि लाइट गेली.

चारही पडदे काळे झाले. जनरेटर घुरघुरत सुरू होईपर्यंत अंधारलेल्या खोलीत सिमरनची आई म्हणाली, "लो, हो गया. लस्सी पी लो." लाइट गेली तर पुन्हा सुरू करायला नियमाची परवानगी होती. नोएडाच्या विजेला इतक्या मनापासून धन्यवाद देणारी मी त्या वर्षातली एकमेव ग्राहक असेन.

पुन्हा किल्ला. या वेळी मी सिमरन बाजूला होईपर्यंत थांबले. बाण, दोन पावलं मागे. बाण, दोन पावलं मागे. समसमान वाटपामुळे निम्मे बाण आकाशात जात होते, पण निम्मे लागत होते. आधी जस्सी पडली, मग सिमरन पडली. शेवटचा, सगळ्यांत मोठा राक्षस मुक्ताच्या डोक्यावर घिरट्या घालू लागला आणि तिची जादू संपली होती.

"आई, ते जळते बाण काढ."

"असू देत गं, पुढे लागतील."

"पुढे काही नाहीये, आई. हेच शेवटचं आहे."

तो खाली झेपावत होता. माझा हात पुढे जायच्या बटणावर होता. तो मी अक्षरशः दुसऱ्या हाताने धरून उचलला. मागेच राहिले. एकामागून एक ते सगळे लाल टोकांचे बाण सोडले, एकही न राखता. राक्षस मुक्ताच्या पायाशी कोसळला.

सिमरन खुर्चीवरून उठून मुक्ताच्या गळ्यात पडली, जस्सी दोघींच्या. तिघी नाचत होत्या, एकमेकींना चापट्या मारत होत्या. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी लस्सीचा ग्लास हातात घेऊन बसले होते आणि डोळे भरून आले होते. आपल्या पोरीला या मजल्यांवर आपली माणसं मिळाली. यापेक्षा जास्त मला कुठल्याही खजिन्यात नको होतं.

शाळा सुरू झाल्यावर आमच्या खालच्या मजल्यावर कोचीहून एक कुटुंब राहायला आलं. त्यांच्या अनूला हिंदी येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं. मुक्ताने तिला हेरलं आणि सिमरनकडे नेलं. खुर्च्या चारच, तेव्हा माझी सेवानिवृत्ती आपोआप झाली. निरोपसमारंभ वगैरे नाही. खरं सांगायचं तर थोडं लागलं, पण आनंदच जास्त झाला. पुढच्या शनिवारी मुक्ता धावत वर आली.

"आई, दहा मिनिटं खाली ये ना. अनूला तीरंदाज बनवायचंय. तिला तूच शिकव."

मी उगाच आढेवेढे घेतले. "मी काय शिकवणार? तुलाच जास्त येतं."

"मला फक्त काय करायचं ते येतं," मुक्ता म्हणाली. "काय करायचं नाही, ते सगळं तूच करून बघितलंयस."

मी ओढणी सावरली आणि खाली गेले. दहा मिनिटांत कसलं उरकतंय! दीड तास बोलून झालं तरी मी जेमतेम चिलखतापर्यंत पोचले होते.