दोन्ही कानांचा माइक

मदुरैच्या सिटी बसवर कंडक्टर असलेल्या अरुमुगपांडीच्या घरी तांदळाच्या पिंपात तांदूळ नसायचे, माइक असायचे. गोल जाळीचे, चपटे, एक तर थेट वांग्यासारखा. जत्रा, सभा, लग्नं गाजवून मुके झालेले एकेचाळीस माइक त्याने भंगारातून आणले होते आणि उघडून, पुसून, तारा जोडून बोलते केले होते. सुट्टीच्या दिवशी तो ते ओळीने मांडायचा आणि प्रत्येकात एकदा ‘हॅलो’ म्हणायचा.

“माझ्याशी महिन्यातून इतक्यांदा बोललात तरी पुरे,” शेन्बगम म्हणायची. त्याची ही बायको फूलबाजारात मोगऱ्याचे गजरे बांधायची. तिची बोटं इतकी भरभर चालत की गिऱ्हाईक गजऱ्याऐवजी बोटांकडेच बघत बसे.

एका रविवारी पांडी नाचतच घरी आला. हातात नारळाएवढं लोखंडी धूड.

“रिबनचा माइक! नाटकवाल्यांचा! अगं, पंचवीस वर्षं शोधतोय मी!”

“आणि माझं पणियारमचं, आप्प्यांचं बिडाचं पात्र कुठंय?”

“ते... भंगारवाल्याला आवडलं.”

शेन्बगम दोन दिवस बोलली नाही. पांडीच्या ते लक्षातही आलं नाही, कारण माइकच्या पोटात दोन चुंबकांमध्ये जी पातळ पट्टी थरथरायला हवी, तीच नव्हती. त्याने कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख मिळवला, पट्टी कापली, मोडक्या खेळण्यातल्या दोन दातेरी चाकांतून फिरवून तिला बारीक चुण्या पाडल्या. पहिली पट्टी त्याच्या शिंकेने गेली. दुसरी पंख्याने नेली. तिसरीच्या वेळी त्याने श्वास रोखला, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. तर चुंबकाने चिमटाच खेचून घेतला आणि पट्टीचे दोन तुकडे.

शेन्बगमला इतकं हसू आलं की ती रागच विसरली.

“सरका! लोखंड कशाला न्यायचं त्याच्याजवळ? आणि तोंड तिकडे करा, भात्यासारखे फुसफुसताय.”

गजरे बांधायचा केळीच्या सोपाचा धागा तिने जिभेवर ओला केला, त्याच्या टोकाने चौथी पट्टी अलगद उचलली आणि कळी ओवावी तशी जागेवर बसवली. पांडीने स्क्रू आवळले, तारा जोडल्या. कर्ण्यातून पहिला आवाज आला तो तिच्या बांगड्यांचा. असा गोड, असा जवळचा, की पांडीने तिला उचलून गरकन फिरवली. समोरच्या गच्चीवरच्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या.

“सोडा! पन्नाशी उलटली तुमची!”

“एकदा परत वाजव ना बांगड्या!”

पंगुनी महिन्यातल्या जत्रेत पांडीच्या गावाने कुंजरम्माळचा सत्कार ठरवला. एक्क्याऐंशी वर्षांची ही बाई नाटकात राणी व्हायची, आणि तरुणपणी अशाच माइकसमोर गायची. पांडी माइक उशीत गुंडाळून, मांडीवर घेऊन गेला. मांडवात शिरल्याशिरल्या त्याने सगळ्यांना बजावलं, “फुंकायचं नाही! फू केलं की पट्टी फाटली!”

तरी गावचा प्रेसिडेंट चेल्लैया माइकसमोर आला आणि सवयीने गाल फुगवले. पांडीने उडी मारून त्याच्या तोंडावर तळहात ठेवला. मांडव फुटेल इतका हशा. चेल्लैया तांबडालाल झाला, पण भाषण सुरू केलं. माझे वडील करुप्पैया या गावाचे किती मोठे कलाभक्त होते, इथून सुरुवात.

माइकच्या मागे खुर्च्यांवर कुंजरम्माळ आणि शेन्बगम बसल्या होत्या. म्हातारी तिच्या कानाशी लागली. आणि गावातल्या चारही कर्ण्यांतून कुजबुज घुमली:

“कसला कलाभक्त गं! राजा झाला होता माझ्यासमोर. घरी सांगून आला, खत आणायला चाललोय. समोर बघतो तो बायको बसलेली, कडेवर पोर!”

मांडवातल्या सगळ्या माना म्हातारीकडे वळल्या. चेल्लैयाचं वाक्य अर्धंच राहिलं. पांडीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: हा माइक पुढून ऐकतो तसाच मागूनही ऐकतो! त्याचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. म्हातारीचा आवाज इतका सुंदर येत होता की बटण फिरवायचा धीरच होईना.

“मग काय झालं, पाट्टी?” आजीला विचारणारा शेन्बगमचा आवाज गावभर गेला.

“तलवार टाकली आणि पळाला, मुकुटासकट! मी एकटीच राणी, अर्धा तास विरहाचं गात बसले. आणि ते कडेवरचं पोर म्हणजे हाच, आत्ता भाषण करतोय तो!”

आता मात्र लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसायला लागले. ढोलवाल्याने ढोलावर डोकं टेकलं. पांडी डोळे पुसत होता, हसूही आवरत नव्हतं आणि भीतीही. चेल्लैया सावकाश वळला.

“पाट्टी,” तो म्हणाला, “तो मुकुट अजून आमच्या माळ्यावर आहे. आई म्हणायची, बक्षीस मिळालंय!”

आणि तोच सगळ्यांत मोठ्याने हसला. भाषणाचा कागद खिशात कोंबून खाली सतरंजीवर मांडी घालून बसला. “माझं राहू दे. तेच विरहाचं म्हणा.”

म्हातारी जागची उठलीही नाही. बसल्या बसल्या माइकच्या मागूनच गायला लागली. आवाज चिरका, दम तोकडा, पण पट्टीने त्यातला कंपही अलगद झेलला आणि कर्ण्यांनी तो शेतांपर्यंत पोचवला. विहिरीवरची माणसं ओल्या अंगाने धावत आली.

त्या वर्षी नाटकवाल्यांच्या घरांतून आणखी सात मुके माइक पांडीकडे आले. तो उघडायचा, शेन्बगम पट्टी बसवायची. पणियारमचं पात्र तिने नवं आणवलं, आधीच्याहून मोठं. आणि दर रविवारी कुंजरम्माळ रिक्षातून उतरून जिन्यातूनच ओरडायची, “आज कोण बोलता झालाय? आधी कॉफी द्या, मग गाते!”