हत्तु, अप्पा, हत्तु!

साताऱ्याहून बदली होऊन म्हैसूरला आलो तेव्हा माझं कन्नड 'एष्टु' म्हणजे 'किती' आणि दहापर्यंतचे आकडे, एवढ्यावर संपत होतं. तेवढ्या भांडवलावर एका रविवारी नवी गिअरची सायकल घेऊन चामुंडी टेकडी चढायला निघालो. वाटेत पाय टेकणार नाही, अशी बढाई आधीच ऑफिसात मारून ठेवली होती.

पहिल्याच वळणावर मफलर बांधलेले एक म्हातारे गृहस्थ जुनी काळी सायकल ढकलत चालले होते. वळणं किती उरली म्हणून मी धापा टाकत विचारलं, "एष्टु?"

"हत्तु, अप्पा, हत्तु!" ते हात उंचावून म्हणाले.

दहाच! मला हुरूप आला. पण पुढच्या वळणावर ते चालत चालत मला गाठून पुन्हा म्हणाले, "हत्तु!" त्याच्या पुढच्या वळणावरही हत्तु. शेवटी पाय टेकून मी मराठीत ओरडलो, "अहो, दहाचे नऊ कधी होणार?"

"अय्यो, आमच्यातलेच की तुम्ही!" ते मराठीत हसले. "हत्तु म्हंजे दहा, अन् हत्तु म्हंजे चढ बी! मी चढ म्हणत होतो. वळणं कोण मोजतंय?"

"मग सायकल ढकलत का आणता?"

"वर मी तिला आणतो, खाली ती मला नेती."

थांबत थांबत मीही त्यांच्यामागून माथ्यावर पोचलो. तिथून ते घंटी वाजवत उतारावर दिसेनासे झाले.

सोमवारी ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, "काय झालं टेकडीचं?"

"हत्तु!" मी म्हणालो.

माझं कन्नड कच्चं, म्हणून त्यांनी 'चढलो' असं समजून घेतलं आणि टाळ्या वाजवल्या. मी मात्र पाय किती वेळा टेकला, ते सांगत होतो.