एक जास्तीचं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात, कारण त्यांचा धाकटा भाऊ दिवसभर तीच हाक मारायचा. चाळिशी ओलांडली तरी तो सगळ्यांचा बाळ्याच राहिला.

बाळ्या तान्हा असताना डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासून आईला सांगितलं, की माणसाच्या पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात, याच्यात सत्तेचाळीस आहेत.

"माझं काय चुकलं?" आईने विचारलं.

"कुणाचंच नाही. बीज तयार होताना कधीकधी वाटणी चुकते."

शाळकरी ताई मधेच म्हणाल्या, "पण जास्त असलेलं बरंच ना?"

"बटाट्यात अठ्ठेचाळीस असतात, कुत्र्यात अठ्ठ्याहत्तर," डॉक्टर म्हणाले. "ज्याला जेवढी ठरलेली, त्याला तेवढीच मानवतात, बाळ."

आईवडील गेल्यावर दुकान आणि बाळ्या, दोन्ही ताईंच्या पदरी आले. एक स्थळ चांगलं होतं. मुलगा म्हणाला, "भावाला कुठल्यातरी संस्थेत ठेवू, मी स्वतः बघतो." ताईंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. विषय संपला.

त्या इस्त्री करायच्या, बाळ्या घड्या घालायचा. कॉलर वर, बाह्या पाठीमागे, मग तळहाताने एक थाप. गिऱ्हाईक आलं की विचारायचा, "कडक पाहिजे की एकदम कडक?" लोक हसायचे, तोही हसायचा. ताईंना एकच घोर होता. आपण आधी गेलो तर याचं कसं होणार?

मग घड्या बिघडू लागल्या. शर्टाच्या बाह्या बाहेरच लोंबायच्या. एकदा तो पँट हातात धरून नुसताच उभा राहिला. "चाळे पुरेत!" ताई ओरडल्या, तर तो रडायला लागला. पुढे दुकानातून घरी येताना, जन्मभराच्या वाटेवर चुकला.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या. त्याच जास्तीच्या गुणसूत्रावर एक जनुक असतं. त्यामुळे मेंदूत साचणारं प्रथिन अशा लोकांमध्ये जास्त तयार होतं, आणि म्हातारपणीचा विसराळूपणा यांना ऐन चाळिशीत गाठतो.

"औषध?"

"झोपेसाठी देते. बाकी नाही."

"म्हणजे जन्मतःच बरोबर घेऊन आला," ताई म्हणाल्या.

आधी तो नावं विसरला, मग जेवणं. घास तोंडात धरून बसायचा. ताईंना कधी आई म्हणायचा, कधी मावशी. एका दुपारी मात्र तो त्यांना बघून भिंतीला चिकटला आणि जिवाच्या आकांताने ओरडू लागला, "ताई! ही बाई मला सोडत नाही! ताई, ये ना गं!"

ताई पुढे झाल्या की तो जास्तच घाबरायचा. शेवटी त्या खोलीबाहेर गेल्या, दार ओढून घेतलं आणि बाहेरूनच हाक दिली, "बाळ्या, आले रे मी."

आत एकदम शांत झालं. "ये," तो म्हणाला. "ती बाई गेली."

त्यानंतर हे रोजचंच झालं. तो घाबरला की ताई बाहेर जायच्या आणि आवाज देऊन आत यायच्या. मी समोरच राहतो, मला ऐकू यायचं. काही महिन्यांनी तो आवाजही ओळखेनासा झाला. तेव्हा त्या दाराबाहेर किती वेळ उभ्या होत्या, मी बघितलं. मग पदराने तोंड पुसून आत गेल्या, आणि तो नको नको म्हणत असतानाही त्याचं अंथरूण बदललं.

थंडीत घास श्वासनलिकेत गेला. छातीत पू झाला. दवाखान्यात तो चार दिवसही टिकला नाही.

शेजारच्या काकू भेटायला आल्या, ताईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सुटला गं बिचारा. आणि तूही सुटलीस."

"मला कुणी बांधलं होतं, काकू?" ताई म्हणाल्या.

ताईंनी उठून दोघींसाठी चहा टाकला. सोमवारी दुकान उघडलं. हल्ली कपडे घडी न घालता, हँगरलाच लावून मिळतात.