ओल्या पट्ट्याचा झिरो

कय्यूमभाऊ आमचे भिंतीपलीकडचे शेजारी. भिंत इतकी पातळ की ते ड्युटीवरून येऊन खाटेवर पाठ टेकताना कण्हायचे, ते माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. ते ऐकलं की मी कुकर लावायची. घड्याळाची गरज नसायची.

वरोऱ्याबाहेरच्या एका कोळसा धुण्याच्या कारखान्यात ते टेंपररी होते. काम बेल्टवरच्या काट्याचं. कोळसा रबरी पट्ट्यावरून वाहत जातो, त्या पट्ट्याखाली एके ठिकाणी काटा बसवलेला असतो आणि चालता चालताच वजन होतं. पट्टा रिकामा फिरत असेल तेव्हा काट्यानं शून्य दाखवायला हवं. ते शून्य रोज सकाळी ठरवून घ्यायचं, त्याला ते झिरो घेणं म्हणत. "भाजी तोलायच्या आधी टोपलीचं वजन काढून टाकता न भाभी, तसंच," असं त्यांनी मला एकदा समजावलं होतं. काट्याचा रोग त्यांना आवाजावरून कळायचा, पण रिपोर्ट लिहायचा म्हटलं की हात अडायचा. शिक्षण उर्दू शाळेतलं. मी बी.ए. झालेली, अक्षरही बरं, म्हणून ते सांगायचे आणि मी लिहायची. असे किती रिपोर्ट लिहिले असतील, मोजले नाहीत.

नव्याण्णव साली रमजान डिसेंबरात आला होता. त्याच महिन्यात कारखान्यातल्या काही जणांना कायम करायची यादी निघणार होती. कायम झालं की आजारपणात रजा मिळते आणि कोणी नुसत्या तोंडी सांगण्यावर घरी बसवू शकत नाही. कय्यूमभाऊ तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते, टेंपररी म्हणून अकरा वर्षं झालेली. पुढची यादी कधी निघेल, ते कोणालाच माहीत नव्हतं. मॅनेजर म्हणाले होते, तुमचं नाव पहिलं घालतो, पण काट्याचा झिरो आधी ठिकाणावर आणा.

कारण रमजान लागल्यापासून काटा बिघडला होता. सकाळी सातला झिरो घेतला की शून्य बरोबर यायचं. दुपारी पट्टा रिकामा फिरवला की आकडा शून्याच्या खाली गेलेला. म्हणजे सकाळपेक्षा पट्टा हलका झालेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा झिरो घ्यायचा, दुपारी पुन्हा तेच.

त्यांनी काही पाहायचं ठेवलं नाही. काट्याच्या चौकटीत दगड अडकलाय का ते पाहिलं. रोलर एकेक हातानं फिरवून पाहिले. पट्ट्याला ताण देणारं वजन मोकळं लटकतंय का, वायरीत पाणी गेलंय का, सगळं झालं. घरी येऊन बायकोला, साबिराभाभींना, तेच सांगत बसायचे. त्या एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "एवढी देखभाल माझ्या गुडघ्याची केली असती, तर मी बाजारात धावत गेली असती." ते हसले नाहीत. रोजा सोडून दोन घास खायचे आणि तिथंच भिंतीला टेकून डोळे मिटायचे.

मग एका शुक्रवारी सकाळी वीज नसल्यामुळे झिरो राहून गेला. तो त्यांनी जुम्म्याच्या नमाजनंतर दुपारी तीनला घेतला. संध्याकाळपर्यंत आकडा हलला नाही. शनिवारी सकाळी मात्र तोच काटा रिकाम्या पट्ट्यावर वजन दाखवू लागला. पट्टा सकाळी जड, दुपारी हलका. हे लक्षात आल्यावर रविवारी ते पहाटेची सहरी करून तासभर आधीच कारखान्यात गेले.

काट्यापाशी रुखमाबाई होती. ठेकेदाराकडची झाडणारी, घरात एकटी कमावती. हातात पाण्याचा पाइप घेऊन ती पट्टा आणि काटा धुऊन काढत होती. एरवी हे काम कय्यूमभाऊ स्वतः करत, पट्ट्याखाली सरपटत जाऊन कोरड्या ब्रशनं. काट्यावर धूळ नको, हे तिलाही त्यांनीच शिकवलेलं. रमजानात सकाळी ते झालेलंच दिसायचं, तिनं ब्रश मारला असेल असं ते धरून चालले होते.

"तुमचा रोजा असते न भाऊ," ती म्हणाली. "उपाशी पोटी खाली घुसून कायले घासता? मी रोज मारून देतो पाणी. तुमाले सांगतलं असतं तर तुमी नाई म्हटलं असतं."

पट्टा जुना. वरचं रबर झिजून आतलं कापड उघडं पडलेलं, ते पाणी पीत होतं. ओल्या पट्ट्यावर झिरो घेतला जायचा आणि उन्हानं पट्टा सुकला की काटा खाली उतरायचा. त्यांनी तिला एवढंच सांगितलं की उद्यापासून पाणी नको, ब्रश मार. ती कावरीबावरी झाली. काही बिघडलं का, विचारू लागली. नाही म्हणाले.

संध्याकाळी रोजा सोडून ते माझ्याकडं आले. मॅनेजरला कारण लेखी हवं होतं, सोमवारी सकाळी. यादीही सोमवारीच जायची होती. सगळी हकीकत त्यांनी मला तेव्हा सांगितली. मी कागद घेतला आणि लिहायला लागले, की सफाई कामगारानं परवानगी न घेता पट्ट्यावर पाणी मारल्यामुळे—

"ते नका लिहू," ते म्हणाले.

मी म्हटलं, भाऊ, खरं तेच तर लिहितेय.

"तिचं नाव गेलं का ठेकेदार तिले उद्याच्या उद्या काढीन. आन् खरं म्हणता, तर झिरोच्या आधी पट्टा अर्धा घंटा रिकामा फिरवाचा असते. हात लावून पाहाचा असते. मी दहा मिनिटात उरकून राह्यलो होतो. रोज्यात उभं राहवत नव्हतं भाभी. पट्टा ओला आहे हे पाहाचं काम माह्यं होतं."

मी अकरा वर्षांची आठवण करून दिली. हेही म्हटलं की नाव न घालता नुसतं 'पाणी पडल्यामुळे' लिहू. त्यांनी नकारार्थी मान हलवली. पाणी कोणी मारलं, हा पुढचा सवाल मॅनेजर विचारणारच होते. त्यांच्या डोळ्यांखाली कोळशाची काळी रेघ धुऊनही राहिलेली होती आणि त्यांना लवकर झोपायचं होतं, हे दिसत होतं.

शेवटी मी लिहिलं: पट्टा कोरडा असल्याची खात्री न करता झिरो घेतला, चूक माझी आहे, आता दुरुस्त केली आहे. त्यांनी खाली उर्दूत सही केली.

सोमवारपासून झिरो एका जागी राहिला. यादीत त्यांचं नाव नव्हतं.

ईदच्या दिवशी रुखमाबाई त्यांच्याकडं शीरखुर्मा प्यायला आली. वाटी घेऊन माझ्या दारात बसली आणि हळूच विचारलं, "बाई, भाऊचं नाव काऊन नाई आलं? त्यायच्याइतकं काम तं कोणी करत नाई."

मी म्हटलं, येईल पुढच्या यादीत. पुढची यादी चार वर्षांनी निघाली. तीत आलं.

त्या ईदच्या दिवशी भिंतीपलीकडं पाहुण्यांची वर्दळ होती. कय्यूमभाऊ मात्र नवा कुडता घालूनच खाटेवर झोपी गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांची सकाळची पहिली पाळी होती.