न जुळलेला अंगठा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्याजवळच्या आमच्या गावाचा मी सरपंच होतो. नारळ मीच फोडला होता.

गावातलाच एक पोरगा ठाण्याला प्रोग्रामर होता. पगार चांगला, पण फोन बटणांचा, तोही रबर लावून धरलेला. कुठलंही नवं मशीन दिसलं की विचारायचा, "याचे पैसे कोणाला मिळाले? आणि हे चुकलं तर भांडायचं कोणाशी?"

एकदा मी दुकानात असताना तो त्याच्या शेजारच्या म्हातारीला घेऊन आला. जन्मभर लोकांची भातं लावून तिचा अंगठा गुळगुळीत झाला होता. मशीन तिचा ठसा घेईना.

"तुमी हिला आत्या म्हणता," तो दुकानदाराला म्हणाला. "आता ते पण मशीनला विचारून म्हणणार काय?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली असती तर त्याने तांदूळ मापला असता.

"मशीन खोटं नाय बोलत रे," मी म्हणालो. "आणि बटणांचा फोनवाला आमाला मशीन शिकवणार?"

लोक हसले. म्हातारी रिकामी पिशवी घेऊन घरी गेली. जिच्या हातांनी गावाचं भात लावलं, तिलाच तांदूळ नाकारला, आणि तोही लावणीत झिजलेल्या अंगठ्यासाठी! आजही संताप होतो, आणि त्यात मी स्वतःला सोडत नाही.

परवा मुरबाडच्या स्टँडवर तो भेटला. "चुकलो रे," एवढंच म्हणायचं होतं. पण मी विचारलं, "कल्याणची गाडी गेली काय?"

"नाय काका," तो म्हणाला आणि बाकावर माझ्यासाठी सरकला.