कातियेमची नळकांडी

कातियेमच्या भातात कधी औषध फवारलं गेलं नाही. खोडकिड्याचा पतंग पानावर अंडी घालतो. त्या अंड्यांचे केसाळ, तपकिरी पुंजके ती पानासकट खुडायची, बांबूच्या नळकांड्यात ठेवायची आणि नळकांडं बांधावर उभं करायची. तोंडाभोवती पाणी आणि रॉकेलचं कडं. अळी बाहेर आली की त्यात बुडायची. पण बऱ्याच अंड्यांत अळी नसायचीच. बारीक गांधीलमाशीनं आधीच त्यात आपलं अंडं घातलेलं असायचं. तिचं पिल्लू पतंगाच्या पिल्लाला आतल्या आत खायचं, मग कवच फोडून शेतात उडून जायचं. पीक वाचायचं.

मी शेजारीण, वयानं मोठी; ती मला म्बाक, म्हणजे ताई, म्हणायची. मला ते बघवायचं नाही.

"शी! अंगावर काटा येतो गं."

"काय म्बाक, अगदीच भित्री भागूबाई तुम्ही!" ती हसायची. "बाहेरून ओळखा बरं, आत कोण आहे ते."

तिची दोन बाळं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्या वेळी दिवस गेले आणि तिचं हसणं थांबलं. भर दुपारी ती पोटावर हात ठेवून त्या नळकांड्यांपाशी बसून राहायची.

मुलगी झाली. तिची सासू सुगिना, साऱ्यांची म्बा, म्हणजे आजी, म्हणाली, "आता रीत करायचीच. हिला मरू द्यायची नाही."

रीत साधी आहे. मूल सुपात घालून उकिरड्यावर टाकायचं आणि शेजारणीनं उचलायचं. मरणाला वाटतं, हे मूल या घरचं नव्हेच. मी सूप उचलून दारात गेले.

"कातियेम, उकिरड्यावर पोर सापडली बाई. सांभाळतेस का?"

तिनं नुसतं "आणा" म्हणायचं होतं. ती मुलीची नखं, कान, पापण्या निरखत राहिली.

"सांभाळीन की. कुणाची का असेना, भूक तर लागणारच."

बायका खळखळून हसल्या. मग तिनं मला हळूच विचारलं, "आणि माझी कुठंय?"

मी सूप तिच्या हाती दिलं.

मुलगी जगली. नाव तेमू, म्हणजे सापडलेली. कातियेम तिला जेवू घालते, न्हाऊ घालते, कशात म्हणून कमी करत नाही. फक्त स्वतःला मावशी म्हणायला शिकवलंय, आणि मला आई. सासू ओरडून ओरडून थकली.

तेमू कुंपणाशी येऊन "आई" अशी हाक मारते. मला मूलबाळ नाही. कातियेम दारातून बघत असते, शांत. तिला समजवावं असं रोज ठरवते, आणि रोज ओ देते.